मोबाइलचें दप्तर व त्याची शिस्त

पूर्वीं शेतकऱ्याच्या घरचे सर्व महत्त्वाचे कागद एका पत्र्याच्या पेटींत मावत असत. सात-बाराचा उतारा, आठ-अ, सोसायटीचें पासबुक, शेतसाऱ्याच्या पावत्या व एखादें जुनें खरेदीखत, एवढाच तो ऐवज. पेटीस कुलूप असे आणि किल्ली घरधन्याच्या करदोड्याला बांधलेली असे. आतां ती पेटी मोबाइलांत आली आहे. उतारा तेथें, बँकेचें खातें तेथें, पिकाची नोंद तेथें आणि अनुदानाची वर्दीहि तेथेंच. सोय झाली यांत शंका नाहीं. तालुक्याच्या गांवीं मारावयाचे कितीतरी हेलपाटे वांचले. परंतु पेटीपर्यंत पोंचावयाचें तर चोरास भिंत फोडावी लागे. मोबाइलपर्यंत तो दूर देशीं बसून, आपणच उघडून दिलेल्या दारानें येतो.

प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत तीस वर्षांवर कारकुनी केली. मी संगणकाचा पंडित नव्हें. मराठी शाळेंत शिकलेला, इंग्रजी मजकूर आजहि ओळीवर बोट ठेवून वाचणारा माणूस आहें. परंतु दप्तर कसें राखावें हें मला ठाऊक आहे, आणि अनुभवान्तीं माझी अशी खात्री झाली आहे कीं, मोबाइल व इंटरनेट निर्धास्तपणें वापरण्यास जें ज्ञान लागतें, त्याचा मोठा भाग म्हणजे दप्तराचीच जुनी शिस्त होय. कचेरींत आलेला कागद कोणाकडून आला हें पाहिल्यावांचून त्यावर कारवाई होत नाहीं. शिक्का परक्याच्या हातीं दिला जात नाहीं. अस्सल व नक्कल यांत भेद केला जातो. आणि निकाली कागदहि जागच्या जागीं जपून ठेविले जातात. हे चार नियम या धड्यांत क्रमानें सांगावयाचे आहेत.

लेखकाची स्वतःची चूक

उपदेश करण्यापूर्वीं आपली चूक कबूल करणें बरें. गेल्या मृगाच्या तोंडावर सोयाबीनचें बीं व खत आणण्यासाठीं मीं बँकेंत रक्कम जमवून ठेविली होती. एके दिवशीं दुपारीं व्हॉट्सॲपवर, आमच्याच गांवच्या एका ओळखीच्या गृहस्थाच्या क्रमांकावरून, एक फाइल आली. सरकारी योजनेचा हप्ता थांबला असून तो मिळण्यासाठीं ही फाइल उघडून माहिती भरावी, असा मजकूर होता. वर राजमुद्रेचें चित्र होतें. मीं फाइल उघडली. मोबाइलनें एक-दोन प्रश्न विचारले, त्यांस न वाचतांच ‘होय’ म्हटलें. मग सरकारी पानासारखें एक पान आलें. त्यांत नांव, खातें, एटीएम कार्डाचा क्रमांक व त्याच्या पाठीवरील तीन आंकडे मागितले होते. तेहि मीं भरले.

दिवेलागणीच्या सुमारास खात्यांतून प्रथम साडेआठ हजार व नंतर अकरा हजार रुपये गेले. सूनबाईनें तांतडीनें १९३० या क्रमांकावर फोन लावून तक्रार नोंदविली, म्हणून दुसरी रक्कम वाटेंत अडकली व पुढें परत मिळाली. पहिली गेली ती गेलीच. ज्यांच्या क्रमांकावरून फाइल आली, त्या गृहस्थांचा कांहींच दोष नव्हता. त्यांचाहि मोबाइल तशाच फाइलनें चोरांच्या ताब्यांत गेला होता.

ज्या हातांनीं आवक बारनिशींत हजारों कागद चढविले, त्याच हातांनीं हें केलें. कचेरींत असा बिनसहीचा, बिनतारखेचा कागद आला असता तर मीं तो पहिल्या नजरेंत बाजूला ठेविला असता. मोबाइलवर आल्यामुळें मात्र मीं त्यास कागद समजलोंच नाहीं. चूक होती ती येथें.

नियम पहिला : कागद कोणाकडून आला तें पाहावें

वरील फाइल ‘एपीके’ जातीची होती. एपीके म्हणजे चित्र नव्हे व पत्रहि नव्हे. तें एक ॲप, म्हणजे मोबाइलांत कायम राहावयास येणारा गडी होय. त्यानें विचारलेल्या प्रश्नास ‘होय’ म्हणणें म्हणजे त्याच्या हातीं खोल्यांच्या किल्ल्या देणें. माझ्या मोबाइलवर आलेले संदेश वाचण्याची परवानगी त्यानें मागितली व मीं ती दिली. म्हणून बँकेनें मला पाठविलेला ओटीपी चोरास माझ्याआधीं वाचतां आला. सबब, संदेशांतून आलेली एपीके फाइल, ती सख्ख्या भावाच्या क्रमांकावरून आली तरी, उघडूं नये. ॲप घ्यावयाचें तें प्ले स्टोअरवरूनच घ्यावें, आणि तेथेंहि तें काढणाऱ्या खात्याचें किंवा बँकेचें नांव वाचून घ्यावें. विजेरीच्या ॲपानें संदेश वाचण्याची किंवा ओळखीच्यांची यादी पाहण्याची परवानगी मागितली तर ती नाकारावी. उजेड पाडण्यास त्या यादीची गरज नसते.

संकेतस्थळाचा पत्ता वाचणें हीहि एक कला आहे, परंतु ती पांच मिनिटांत येते. टपालाच्या पत्त्यांत गांव व जिल्हा शेवटीं असतात, तसेंच येथेंहि आहे. पत्त्याच्या आरंभीं ‘एचटीटीपीएस’ व दोन तिरक्या रेघा असतात. त्या सोडून पुढें पहिली एकेरी तिरकी रेघ जेथें येते, तेथें थांबावें आणि तेथून मागें, उजवीकडून डावीकडे वाचावें. महाराष्ट्राच्या भूमिअभिलेखाचा पत्ता ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. त्याचें शेपूट ‘गव्ह डॉट इन’ हें आहे, आणि तें सरकारी संस्थांवांचून इतरांस मिळत नाहीं. ‘एनआयसी डॉट इन’ हें शेपूटहि सरकारीच होय. चोर काय करितो? तो ‘महाभूमी’ व ‘गव्ह’ हे शब्द पत्त्याच्या आरंभीं घालतो आणि शेवटीं आपलें भलतेंच शेपूट जोडतो. ‘जिल्हाधिकारी कचेरीसमोरील चहाचें दुकान’ अशी पाटी लाविल्यानें तें दुकान जिल्हाधिकाऱ्यांचें होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रावरहि फार विसंबूं नये. त्या कुलपाचा अर्थ इतकाच कीं, आपला मजकूर वाटेंत कोणी वाचूं शकत नाहीं. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे असें तें कुलूप सांगत नाहीं. चोराच्या घरासहि कुलूप असतें.

बँकेचा मदत-क्रमांक इंटरनेटवर शोधूं नये. शोधांत वर येणारी ओळ पुष्कळदां पैसे देऊन लाविलेली जाहिरात असते, आणि खोट्या क्रमांकांचीं पानें लोकांनीं मुद्दाम पेरून ठेविलेलीं असतात. खरा क्रमांक पासबुकावर व कार्डाच्या पाठीवर छापलेला आहे.

नियम दुसरा : शिक्का परक्याच्या हातीं देऊं नये

पिन, पासवर्ड, ओटीपी व अंगठा हीं चारहि या नव्या दप्तराचे शिक्के होत. त्यांचें काम एकच: ‘हा व्यवहार मीच करीत आहें’ असें सांगणें.

यूपीआयविषयीं एक वाक्य घरांतील सर्वांनीं पाठ करावें: पैसे घेण्यासाठीं पिन लागत नाहीं. पिन टाकावयाचा तो पैसे देतांना किंवा स्वतःच्या खात्यांतील शिल्लक पाहतांना. कोणी जनावराचें किंवा धान्याचें गिऱ्हाईक बनून ‘तुम्हांस विसार पाठवितों, हें चित्र स्कॅन करा व पिन टाका’ असें म्हणूं लागल्यास तो विसार देत नसून आपल्या खिशांत हात घालीत आहे असें समजावें.

ओटीपीचा संदेश आला तर केवळ आंकडे पाहूं नयेत. सबंध मजकूर वाचावा. तो कशासाठीं आहे व रक्कम किती, हें बहुधा त्यांत लिहिलेलें असतें. बँकेचा कोणताहि अधिकारी फोन करून ओटीपी विचारीत नाहीं. तसेंच, ‘तुमची अडचण मी येथूनच दूर करितों’ असें म्हणून कोणी मोबाइलचा पडदा दुरून पाहण्याचें ॲप घ्यावयास लावील, तर फोन तात्काळ ठेवावा.

पासवर्ड लहान व अवघड असण्यापेक्षां लांब व स्वतःस आठवणारा असावा. एकमेकांशीं संबंध नसलेले चार-पांच शब्द जोडले तर चोरास ते ताडणें कठीण जातें व आपणांस विसरणेंहि कठीण जातें. जन्मसाल, मुलाचें नांव व गाडीचा क्रमांक सर्व गांवास ठाऊक असतात; ते पासवर्डांत घालूं नयेत. ई-मेलचा व बँकेचा पासवर्ड एक नसावा, कारण ई-मेल हातीं आला म्हणजे इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्यावरून बदलून घेतां येतात. पासवर्ड लक्षांत राहत नसतील तर ते वहींत लिहून वही घरच्या पेटींत ठेवावी. परंतु ते मोबाइलांत फोटो काढून किंवा मोबाइलच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून ठेवूं नयेत. व्हॉट्सॲप व ई-मेल यांस ‘दोन टप्प्यांची पडताळणी’ असते, ती चालू करावी.

आतां अंगठ्याविषयीं. आधारच्या अंगठ्यावर बँकेंतून पैसे काढतां येतात. म्हणून अंगठ्याचा उपयोग नसेल तेव्हां तो कुलुपांत असावा. आधार प्राधिकरणाच्या ॲपावरून किंवा संकेतस्थळावरून बोटांचे ठसे कुलूपबंद करितां येतात व काम पडेल तेव्हां उघडतां येतात. लॉजवर किंवा दुकानांत आधारची प्रत मागितल्यास, केवळ शेवटचे चार आंकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. ती त्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

नियम तिसरा : अस्सल व नक्कल ओळखावी

भूमिअभिलेखाच्या संकेतस्थळावर कोणासहि कोणताहि सात-बारा विनामूल्य पाहतां येतो. परंतु तो पाहण्यापुरताच आहे. कचेरींत किंवा कर्जाच्या कामीं तो चालत नाहीं, असें त्यावर लिहिलेलेंच असतें. कामास चालतो तो डिजिटल सहीचा उतारा. त्याची फी १५ रुपये आहे. त्यावर सोळा आंकड्यांचा पडताळणी क्रमांक असतो, आणि तो संकेतस्थळावर घातला म्हणजे अस्सल उतारा समोर येतो. यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली, १५ रुपयांच्या कागदासाठीं मध्यस्थास शंभर-दोनशें देण्याचें कारण नाहीं. दुसरी, जमीन घेतांना किंवा खंडानें करतांना दुसऱ्यानें दाखविलेल्या छापील उताऱ्यावर विसंबूं नये. छापील अक्षरें संगणकावर कोणासहि बदलतां येतात. सोळा आंकड्यांमागील अस्सल नोंद बदलतां येत नाहीं.

जमिनीच्या नोंदींत होणारा बदल प्रथम गांव नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत येतो, आणि मग सात-बारावर उतरतो. फेरफाराची नोटीस पूर्वीं चावडीच्या भिंतीवर लागे व जो चावडीवर जाई त्यासच ती कळे. आतां ‘आपली चावडी’ या डिजिटल फलकावर जिल्हा, तालुका व गांव निवडलें कीं त्या गांवीं चालू असलेले फेरफार दिसतात. हरकत घेण्यास साधारणतः पंधरा दिवस मिळतात. माझ्या नोकरींत असे कित्येक खातेदार मीं पाहिले कीं, वर्षानुवर्षें उतारा न काढल्यामुळें आपल्या नांवाचें काय झालें हें त्यांस हरकतीची मुदत टळल्यावर कळलें. जो भाऊ मुंबईस नोकरीला आहे, जी बहीण परगांवीं दिली आहे, त्यांसहि आतां घरबसल्या महिन्यांतून एकदां हा फलक पाहतां येतो. मोबाइलचा याहून मोठा उपयोग मला तरी ठाऊक नाहीं.

पिकाच्या नोंदीचेंहि तसेंच. ई-पीक पाहणी २०२१ सालच्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली, आणि शेतांत उभें राहून पिकाचा फोटो घेऊन नोंद करण्याचें काम खातेदाराच्या हातीं आलें. अधिकार आला तशी जबाबदारीहि आली. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबूं नये. त्या दिवशीं सर्वांचीच गर्दी होते. आणि नोंद केल्यावर कांहीं दिवसांनीं सात-बारा उघडून नमुना १२ मध्यें आपलें पीक खरोखर दिसतें कीं नाहीं, हें पाहावें. ‘पाठविलें’ आणि ‘नोंदलें’ यांत अंतर आहे, हें प्रत्येक कारकुनास ठाऊक असतें.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बाजारभावाच्या व योजनांच्या बातम्यांसहि हाच न्याय लावावा. तारीख नाहीं, खात्याचें नांव नाहीं आणि ‘हें सर्वांस पाठवा’ असा आग्रह आहे, तर ती बातमी नकलेचीहि नक्कल समजावी.

नियम चौथा : दप्तर लावून ठेवावें

मोबाइल विहिरींत पडतो, चोरीस जातो, कधीं आपोआपच बंद पडतो. म्हणून महत्त्वाचे कागद तीन ठिकाणीं असावे: एक प्रत मोबाइलांत, एक घरच्या पेन ड्राइव्हमध्यें किंवा ई-मेल खात्याच्या सांठवणींत, आणि एक छापून पेटींत.

फाइलीस नांव देतांना आधीं साल, मग महिना व मग विषय लिहावा, जसें ‘२०२५-०६ सातबारा’. असें केल्यानें फाइली तारखेच्या क्रमानें आपोआप लागतात व शोधावें लागत नाहीं. व्हॉट्सॲपवर येणारीं चित्रें आपोआप उतरण्याचें बंद करावें. सुप्रभातीच्या फुलांनीं मोबाइल भरला म्हणजे पिकाचा फोटो घेण्यास जागा उरत नाहीं. मोबाइलचें ‘अपडेट’ आलें तर पुढें ढकलूं नये. त्यांत बहुधा जुन्या खिंडारांची डागडुजी असते.

सेवा केंद्रांतील किंवा दुकानांतील संगणकावर काम केल्यास उठण्यापूर्वीं खात्यांतून ‘लॉग आउट’ व्हावें, आणि उतरवून घेतलेली आधारची व सात-बाराची फाइल तेथून पुसून टाकावयास लावावी. जुना मोबाइल विकण्यापूर्वीं आपले कागद काढून घेऊन तो पूर्ण कोरा करावा. मोबाइलवर *#०६# हे आंकडे दाबले कीं त्याचा पंधरा आंकड्यांचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहींत लिहून ठेवावा. मोबाइल चोरीस गेल्यास पोलिसांत वर्दी देऊन, त्या क्रमांकावरून ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करवितां येतो.

चोरी झालीच तर

लाजूं नये व रात्र जाऊं देऊं नये. चोर ती रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या, दुसऱ्यांतून तिसऱ्या खात्यांत फिरवितो व मग काढून घेतो. ती फिरत आहे तोंपर्यंतच अडवितां येते. १९३० या क्रमांकावर फोन करून व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम सांगावी. त्यानंतर लगेच बँकेस कळवून कार्ड व खातें बंद करवावें, आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ येथें लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. मोबाइलांत खोटें ॲप आलें असल्यास इंटरनेट बंद करावें व फोन दुसऱ्या मोबाइलवरून करावे.

लौकर कळविण्यास कायद्याचेंहि कारण आहे. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं काढलेल्या परिपत्रकांत असें तत्त्व घातलें कीं, दोष ग्राहकाचा नसून बँकेचाहि नसेल, आणि ग्राहकानें वर्दी मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेस कळविलें, तर तोटा ग्राहकावर पडूं नये. ग्राहकानें स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचा; परंतु कळविल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. म्हणून आपली चूक असली तरीहि कळविण्याची घाई करावी, किंबहुना चूक असल्यास अधिकच करावी.

या महिन्यांत करावयाचीं कामें

१. घरांतील प्रत्येक मोबाइलांतील ॲपें एकदां पाहून, जीं कोणीं व कशासाठीं घेतलीं हें सांगतां येत नाहीं, तीं काढून टाकावीं.
२. १९३० हा क्रमांक व बँकेचा छापील मदत-क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक लिहावा.
३. आधारच्या ठशांस कुलूप लावावें.
४. आपला सात-बारा व ‘आपली चावडी’ उघडून पाहावी, आणि त्यासाठीं महिन्याचा एक दिवस ठरवून टाकावा.
५. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक वहींत उतरावा.
६. घरच्या वृद्धांस व स्त्रियांस ‘पैसे घेण्यासाठीं पिन लागत नाहीं’ हें वाक्य समजावून सांगावें.

या सहा कामांस एक संध्याकाळ पुरते. माझे साडेआठ हजार गेले व त्या साली खत उधारीनें आणावें लागलें. तेवढी किंमत मोजून शिकलेला हा धडा वाचकांनीं विनामूल्य घ्यावा, आणि यापुढें मोबाइलवर आलेल्या प्रत्येक मजकुरास प्रथम एकच प्रश्न विचारावा: हा कागद कोणाकडून आला?